काटा पन्नासावर

५ एप्रिल २०२०. रविवारची रात्र होती. करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. त्या रात्री नऊ वाजता सर्वांनी नऊ मिनिटे घरातील दिवे बंद ठेवावेत आणि पणत्या, मेणबत्त्या किंवा टॉर्च लावावेत, असे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. लोकांच्या दृष्टीने काम सोपे होते. फक्त एक बटण बंद करायचे होते. पण वीज सांभाळणाऱ्या अभियंत्यांना मोठी काळजी लागली होती. कोट्यवधी दिवे एकदम बंद झाले आणि नऊ मिनिटांनी पुन्हा एकदम लागले, तर काय होईल?

दिवे बंद केले तर वीज वाचते. मग काळजी कशाची, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी आधी विजेचा स्वभाव समजून घेऊ या.

आपण पाणी टाकीत भरून ठेवतो. धान्य पोत्यांत साठवतो. विजेच्या तारांत मात्र वीज साठून राहत नाही. तुम्ही पंख्याचे बटण दाबता, त्याच क्षणी दूरच्या एखाद्या वीजकेंद्रात तेवढी वीज तयार व्हावी लागते. तुम्ही पंखा बंद केला की तेवढी वीज कमी तयार व्हावी लागते. जेवढा वापर तेवढीच निर्मिती, हा हिशेब दिवसरात्र, प्रत्येक सेकंदाला जुळवावा लागतो.

हा हिशेब जुळतो की नाही, हे कसे कळते? दुकानदाराच्या तराजूला काटा असतो. विजेच्या तराजूलाही असाच एक काटा आहे. त्याचे नाव वारंवारता.

वीजकेंद्रात जनित्र नावाचे यंत्र असते. पाण्याच्या किंवा वाफेच्या जोराने त्यातील प्रचंड चुंबक फिरतो आणि वीज तयार होते. ही वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती झोक्यासारखी पुढे-मागे होत असते. पुढे जाऊन मागे येणे म्हणजे एक आवर्तन. आपल्या देशात एका सेकंदात अशी ५० आवर्तने व्हावीत, असे ठरलेले आहे. यालाच ५० हर्ट्झ वारंवारता म्हणतात. त्यासाठी कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीजकेंद्रातील जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते.

आता एक उदाहरण घेऊ. तुम्ही सायकल चालवत आहात. मागे लहान भाऊ बसला आहे. सपाट रस्त्यावर सायकल एका वेगाने चालली आहे. चढ आला की वेग कमी होतो. वेग टिकवायचा असेल, तर पायडल जोराने मारावे लागते. उतार लागला की सायकल आपोआप पळू लागते. मग पायडल मारणे थांबवावे लागते. जनित्राचेही असेच आहे. लोकांनी विजेचा वापर वाढवला की जनित्रासमोर जणू चढ येतो. त्याचा वेग मंदावतो आणि वारंवारता ५० च्या खाली जाते. वापर एकदम कमी झाला की उतार लागतो आणि वारंवारता ५० च्या वर चढते.

पण देशात एकच जनित्र नाही. अनेक राज्यांतील जनित्रे तारांच्या एका विशाल जाळ्याने जोडलेली आहेत. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. एकाच गाड्याला शेकडो बैल जुंपले आहेत, अशी कल्पना करा. कोणत्याही बैलाला आपल्या मर्जीने पुढे पळता येत नाही की मागे रेंगाळता येत नाही. सर्वांना एकाच चालीने चालावे लागते. त्याचप्रमाणे ग्रिडमधील सर्व जनित्रे एकाच तालात फिरतात. पूर्वी देशात पाच वेगवेगळे विभागीय ग्रिड होते. हळूहळू ते जोडले गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही उच्च दाबाची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिडही बाकीच्या देशाशी एकतालात आला. आज चंद्रपूरच्या वीजकेंद्रात आणि काश्मीरच्या डोंगरातील वीजकेंद्रात काटा एकच असतो.

हा काटा पन्नासावर ठेवण्यासाठी अनेक उपाय असतात. पहिला उपाय जनित्राच्या वजनातच आहे. फिरणारे चक्र जड असते. म्हणून त्याचा वेग एकदम कमी किंवा जास्त होत नाही. त्यामुळे थोडा वेळ मिळतो. दुसरा उपाय म्हणजे वेगनियंत्रक. वेग कमी झाला की हे साधन काही सेकंदांत पाण्याची किंवा वाफेची वाट आपोआप मोठी करते. वेग वाढला की ती लहान करते. तिसरा उपाय माणसांच्या हाती आहे. दिल्लीत राष्ट्रीय, विभागांत विभागीय आणि राज्यांत राज्य भार प्रेषण केंद्रे आहेत. तेथील अभियंते रात्रंदिवस काट्यावर नजर ठेवतात आणि कोणत्या केंद्राने वीज वाढवावी, कोणी कमी करावी, याच्या सूचना देतात. काटा ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान असावा, असा आपल्याकडे नियम आहे. एवढे करूनही काटा फारच खाली घसरला, तर शेवटचा उपाय म्हणून काही भागांची वीज आपोआप तोडली जाते. थोड्यांना अंधारात ठेवून सर्वांना वाचवायचे, असा हा उपाय आहे.

हे उपाय कमी पडले तर काय होते, हे आपल्या देशाने २०१२ साली पाहिले. त्या वर्षी उत्तर भारतात पाऊस लांबला होता. उकाडा होता आणि शेतीचे पंपही चालू होते. काही राज्ये ठरलेल्यापेक्षा जास्त वीज घेत होती. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातील बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली. तिचा भार दुसऱ्या वाहिन्यांवर गेला. त्याही एकामागून एक बंद पडल्या. उत्तरेचा ग्रिड एकटा पडला आणि त्याचा काटा झपाट्याने घसरला. जनित्रे चुकीच्या वेगाने फिरत राहिली, तर त्यांची पाती मोडू शकतात. म्हणून प्रत्येक यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. एक यंत्र बंद झाले की बाकीच्यांवरचा भार वाढतो, मग दुसरे बंद होते. अशा रीतीने सारा उत्तर भारत अंधारात बुडाला.

त्या दिवशी वीज परत आली, पण दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड कोसळले. सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. शेकडो रेल्वेगाड्या वाटेतच थांबल्या. पश्चिम बंगाल आणि झारखंडमधील कोळशाच्या खाणींत पाळणे बंद पडल्यामुळे कामगार जमिनीखाली अडकले. सुदैवाने त्यांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये होता. तो ग्रिड त्या वेळी टिकून राहिला.

आता आपण पुन्हा ५ एप्रिल २०२० च्या रात्रीकडे जाऊ. या वेळी अडचण उलटी होती. चढ नव्हता, मोठा उतार येणार होता. आणि उतार संपताच तेवढाच चढ!

अभियंत्यांनी आधीच विचार केला होता. कोळशाचे वीजकेंद्र हे भरलेल्या मालगाडीसारखे असते. त्याचा वेग पटकन बदलत नाही. पाण्यावरचे वीजकेंद्र चपळ असते. पाण्याची वाट उघडली की काही मिनिटांत वीज वाढते, बंद केली की थांबते. आपल्या कोयना प्रकल्पाचा मोठा उपयोग यासाठीच आहे. शिवाजीसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीतून कोकणाच्या बाजूला खाली सोडतात आणि गरजेच्या वेळी झटपट वीज मिळवतात. म्हणून त्या संध्याकाळी कोळशाची वीज आधीच कमी करण्यात आली आणि देशभरातील जलविद्युत केंद्रे जोरात चालवण्यात आली.

नऊ वाजण्याच्या सुमारास दिवे बंद होऊ लागले. मागणी सुमारे १२ ते १३ हजार मेगावॅटने कमी होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने कमी झाली! म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून जास्त. जलविद्युत केंद्रांनी आपली वीज सुमारे २५ हजार मेगावॅटवरून ८ हजारांपर्यंत खाली आणली. दिवे पुन्हा लागताच ती वाढवली. या साऱ्या काळात काटा ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान राहिला. नियमाच्या रेषा त्याने थोडा वेळ ओलांडल्या, पण ग्रिड कोसळला नाही. रुग्णालयांतील यंत्रे चालू राहिली. घराघरांतले पंखे फिरत राहिले. बहुतेकांना काही कळलेही नाही.

पुढील काळात हे काम आणखी कठीण होणार आहे. आता सूर्य आणि वारा यांपासून पुष्कळ वीज मिळू लागली आहे. ती हवेला चांगली आहे. पण ढग आला की सौर वीज घटते. शिवाय सौर पट्ट्यांत जड चक्र नसते, त्यामुळे अडचणीच्या वेळी हाताशी असणारा तो थोडा वेळही कमी होतो. म्हणून मोठमोठ्या बॅटऱ्या बसवल्या जात आहेत. त्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज देऊ शकतात. दुसरा उपाय सह्याद्रीतील घाटघर येथे पाहायला मिळतो. तेथे वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात. वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात.

वीज गेली की आपण लगेच तक्रार करतो. ती चालू असते तेव्हा मात्र कोणाची आठवण होत नाही. आज रात्री अभ्यासाला बसाल, तेव्हा डोक्यावरच्या पंख्याकडे एकदा पाहा. तो एका लयीत फिरत असेल. त्याच वेळी कुठेतरी एक अभियंता जागा असेल आणि त्याची नजर काट्यावर खिळलेली असेल. काटा पन्नासावर आहे, म्हणून तुमचा दिवा जळतो आहे.