वाघाची लांबची वाट

अमेरिकेंत १९३७ सालीं अॅपलाचियन वाट पुरी झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही साडेतीन हजार किलोमीटरांची पायवाट माणसांनीं माणसांसाठीं आखली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतही एक लांबची वाट आहे. ती कोणीं आखलेली नाहीं, आणि तिचा वाटसरू आहे वाघ.

ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें वयांत आलेल्या वाघाला आईचें रान सोडून स्वतःचें शोधावें लागतें. ब्रह्मपुरीचीं जंगलें, धानाचीं शेतें, गांवांचीं शिवारें मागें टाकून तो वैनगंगा ओलांडतो आणि गडचिरोलींत उतरतो. ही वाट तुटली तर ताडोबा बेटासारखा एकाकी पडेल. आप्तांतच संबंध होऊन वाघाचा वंश दुबळा होईल.

वाट निर्धोक मात्र नाहीं. गोंदिया-बल्लारशाह लोहमार्ग याच जंगलांतून जातो. २०१८ सालीं त्यावर जुनोन्याजवळ वाघाचे तीन बछडे आगगाडीखालीं सांपडून मेले. मोहफुलें आणि तेंदूपानें वेंचणारीं माणसेंही याच रानांत वावरतात, व त्यांतील कित्येकांचा बळी वाघानें घेतला आहे. अशा माणसांना केवळ वाघाचें कौतुक सांगून भागत नाहीं; रान राखण्यांत त्यांचाही लाभ असावा लागतो.

हें कसें साधतें तें गडचिरोलींतच पाहावयास मिळतें. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवाला २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. रानावर गांवाचें पोट चालूं लागलें, म्हणजे तें राखणें हें गांवाचेंच काम होतें. वाघाच्या वाटेवरील प्रत्येक गांवाला असा हक्क लाभेल, तरच ती वाट पुढेंही अखंड राहील.