नाडीची धाव आणि व्यायामाचे भय

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात ऑक्टोबरची छाटणी आटोपून द्राक्षवेलींवर घड दिसू लागले, की विरळणीच्या कामासाठी बाया मांडवाखाली तासन् तास उभ्या राहतात. मान वर, दोन्ही हात डोक्याच्याही वर आणि पाय एकाच जागी खिळलेले. अशा वेळी एखादीच्या छातीत धडधड सुरू होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती मटकन खाली बसते आणि थोड्या वेळाने सावरते. पण तीच बाई चाळीपाशी बसून कांदा निवडू लागली तर दिवसभर तिची काही तक्रार नसते. मग भोवताली निदाने सुरू होतात. कोणी म्हणते हृदय कमकुवत आहे, कोणी म्हणते अंगात रक्त नाही, कोणी म्हणते मनच भित्रे आहे. यांतले दुसरे निदान पुष्कळदा खरे निघते, कारण आपल्या देशात १५ ते ४९ या वयातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि हृदयाचा आलेख या तपासण्या सर्वांआधी करून घेतल्याच पाहिजेत. परंतु त्या निर्दोष निघाल्यावरही उभे राहताच नाडी धावत असेल, तर प्रश्न निराळा आहे.

मनुष्य उभा राहिला की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने उदर आणि पाय यांकडे उतरते. श्वास, रक्तदाब, घाम, पचन यांचा कारभार आपल्या इच्छेवाचून पाहणारी स्वायत्त मज्जासंस्था तत्क्षणी हुकूम सोडते, खालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात खंड पडत नाही. हा बंदोबस्त अपुरा पडला, तर तूट भरून काढण्याचा सगळा भार हृदयाच्या गतीवर येतो. या कारभारातील बिघाडाला डिसऑटोनॉमिया म्हणतात. त्याचा एक प्रकार डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पॉट्स’ या नावाने येतो. त्यात उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके मिनिटाला किमान ३० ने, आणि १२ ते १९ या वयात किमान ४० ने वाढतात, रक्तदाब मात्र फारसा घसरत नाही, आणि त्रास निदान तीन महिने टिकून असतो. म्हणजे पंप बहुधा शाबूत असतो. त्याच्याकडे परत येणारा पुरवठा अपुरा असतो. एवढी एक गोष्ट मनात ठसली, तर पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

त्यांतला सर्वांत घातक गैरसमज म्हणजे, नाडी जलद आहे तेव्हा अंथरूण धरावे, हा. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ बिछान्यावर ठेवण्यात आले, आणि तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केले होते, असे आढळले. पडून राहिल्याने रक्ताचे एकूण प्रमाण घटते, पायांचे स्नायू क्षीण होतात, हृदयाचा आकारही आक्रसतो. आणि मग उभे राहणे आणखी दुष्कर होते. घरच्या माणसांनी मायेने दिलेली विश्रांतीची आज्ञा अशी उलटते, हे मी खेदाने लिहितो, कारण त्या मायेत खोट काहीच नसते.

दुसऱ्या टोकाला, कोणताही व्यायाम चालेल, उठून चालू लागावे, सूर्यनमस्कार घालावेत, असा उपदेश होतो. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत पोहोचवले, त्यांचा निरोगी देहाला होणारा लाभ निर्विवाद आहे. पण ज्याच्या शरीरात आसन बदलताच रक्ताची वाटणी कोलमडते, त्याने वारंवार डोके खाली-वर नेणाऱ्या क्रमाने आरंभ करणे युक्त नव्हे. अशा रुग्णाने आडवे राहून सुरुवात करावी. डॅलस येथेच बेंजामिन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पॉट्सच्या रुग्णांनी तीन महिने पद्धतशीर व्यायाम केला: आरंभी वल्हवण्याचे यंत्र, रेलून चालवायची सायकल, पोहणे, आणि उभ्याने करावयाचे व्यायाम अगदी शेवटी. ज्यांनी हा क्रम पूर्ण केला, त्यांतील निम्म्याहून अधिक जण पॉट्सच्या व्याख्येत बसेनासे झाले. रुग्णांची संख्या लहान होती आणि काहींनी तो क्रम मध्येच सोडला, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या गावी वल्हवण्याचे यंत्र नसेल, म्हणून काही अडत नाही. सतरंजीवर उताणे पडून एकेक पाय उचलणे, सेतुबंधासन, पडल्या पडल्या हवेत सायकल चालवणे, पोटऱ्या आवळणे आणि सोडणे, हे आठवड्यातून तीन दिवस, प्रथम दहा मिनिटे आणि मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत वाढवले, तरी आरंभ चांगला होतो. पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो, म्हणून तो बळकट करण्याकडे विशेष लक्ष द्यावे. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो: पोहणे हितकर आहे असे वाचून कोणी शेततळ्यात उतरू नये. प्लास्टिकच्या निसरड्या कडेवरून धडधाकट माणसालाही वर येता येत नाही, मग ज्याला भोवळ येते त्याची काय कथा!

मनगटावरच्या घड्याळाने नाडीच्या आकड्याचे एक नवीनच भय आणले आहे. २२० मधून वय वजा करायचे आणि उरेल ती ठोक्यांची कमाल मर्यादा, हे सूत्र १९७० च्या सुमारास ढोबळ अंदाज म्हणून पुढे आले. त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज संभवते, आणि ज्यांना ठोके मंदावणारी औषधे चालू आहेत त्यांना तर ते लागूच पडत नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ‘श्रम किती वाटतो’ याचीच मोजपट्टी बनवली, ती येथे अधिक उपयोगी आहे. साधी खूण म्हणजे, व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे.

श्वास रोखून बळ लावणे हाही एक धोका. हृदय इच्छेने थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या संशोधकांनी तपासणी केली. १९६१ च्या त्यांच्या लेखानुसार मनगटावरची नाडी लुप्त झाली तरी आलेखात हृदय चालूच होते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू ताणले, की हृदयाकडे परतणारे रक्तच अडते. टोमॅटोचा क्रेट उचलताना म्हणूनच श्वास सोडत उचलावा.

मिठाविषयी थोडक्यात: पॉट्समध्ये भरपूर पाणी आणि अधिक मीठ सुचवले जाते, पण उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ते परस्पर सुरू करू नये.

अमेरिकन डॉक्टर डाकोस्टा यांनी सैनिकांतील अशी धडधड १८७१ साली नोंदवली. पुढे ‘हे सारे मनाचे’ हा शेरा या रुग्णांचा पाठलाग करीत आला आहे. त्याच वृत्तीतून ‘हिंमत धर, रेटून कर’ असा आग्रह होतो. परंतु व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्यांचे सगळे अंग गळून जाते, अशांसाठी ठरावीक वाढीचा व्यायाम अपायकारक ठरू शकतो. हे लक्षण असलेल्या दीर्घ थकव्याच्या आजारात ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली अशा व्यायामाची शिफारस मागे घेतली. आणि श्रम करीत असताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, नाडी अनियमित होणे, किंवा घराण्यात तरुणपणी अकस्मात मृत्यू घडलेला असणे, यांपैकी काही असेल तर हृदयतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय व्यायामाला हात घालू नये.

बागाईतदारांना आणि मुकादमांना माझी विनंती आहे. विरळणीत दर तासाला पाच मिनिटे बसण्याची आणि पाणी पिण्याची मुभा द्या. कोणाला घेरी आली तर धरून उभे करू नका. सावलीत उताणे निजवा, पाय उंच ठेवा, आणि मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८ ला फोन करा.