दाताच्या डॉक्टरांचं इथं काय काम?

“कॅन्सर जिभेला झालाय, मग दाताच्या डॉक्टरांचं इथं काय काम?”

कर्करोगाच्या रुग्णालयात दंतविभाग सांभाळताना हा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. विचारणाऱ्याचं चुकत नाही. घरी चर्चा होते ती ऑपरेशनची आणि रेडिएशनच्या मशीनची. त्या मशीनच्या आधी आणि नंतर तोंडाचं काय होतं, हे आमच्या खोलीत आल्यावरच कळतं.

रेडिएशनला आमचे रुग्ण ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाइट’ म्हणतं. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे साधारण ३० ते ३५ शेक, सहा-सात आठवडे. चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची जाळी बनवतात, ती टेबलाला घट्ट बसवतात, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. पण त्याआधी आमची धावपळ सुरू झालेली असते.

सांगोल्याकडचे एक काका आले होते. खालच्या तीन दाढा किडून हलत होत्या. मी म्हटलं, “काका, या आजच काढू.” ते म्हणाले, “दुखत नाहीत तर काढायच्या कशाला, मॅडम?” मी समजावलं. शेक लागलेल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजत जातात. आज काढलेल्या दाढेची जखम भरून येईल. शेकानंतर काढली, तर कदाचित भरणारच नाही, आणि हाडाचा हा अशक्तपणा जन्मभर राहतो. काका तयार झाले. जखम भरायला मला दोन आठवडे हवे होते, पण गाठ काही थांबत नाही. मी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन लावला. “चौदा दिवस द्या.” “दहा देतो.” शेवटी बारावर जमलं. जाळी आणि प्लॅनिंग त्याच बारा दिवसांत उरकलं. असे फोन आमच्याकडे रोज होतात, रुग्णाला त्यांचा पत्ताही नसतो.

दुसरा किस्सा एका फॉर्मचा. युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेनं डोकं-मानेच्या कर्करोगासाठी ३५ प्रश्नांची यादी केली आहे. तिच्या हिंदी आणि मराठी आवृत्त्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पडताळून घेतल्या गेल्या. गाठीचा आकार त्यात कुणी विचारत नाही. दात, कोरडं तोंड, चिकट लाळ, चव, बोलणं याबद्दल विचारतात. एक प्रश्न आहे घरच्यांसमोर जेवण्याचा. मी तो एका रिटायर्ड एसटी कंडक्टरना वाचून दाखवला. “काही अडचण नाही,” ते लगेच म्हणाले. शेजारी बसलेल्या काकू खाली बघत म्हणाल्या, “सहा महिने झाले, भिंतीकडे तोंड करून जेवतात. प्रत्येक घासाला पाणी लागतं, ओघळतं, नातवंडं बघतात म्हणून.” काकांचे डोळे भरले. त्या दिवसापासून तो प्रश्न मी घाईनं विचारत नाही.

निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानापुढच्या लाळग्रंथींना जास्त शेक बसला की ती आटते. मग भाकरी घशाखाली उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते, आणि दात हिरडीजवळ गोल किडत जाऊन एक दिवस मुळापाशी तुटतात. ग्रंथी वाचवत शेक देणारं आयएमआरटी तंत्र आल्यावर चित्र बदललं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत वर्षभरानंतर तोंड त्रासदायक कोरडं राहिलेले रुग्ण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, नव्या तंत्रात ३८. निष्कर्ष आले २०११ साली. तरीही ३८ टक्के उरतातच. त्यांच्यासाठी आम्ही दातांच्या मापाचे साचे करून देतो. रोज रात्री त्यात फ्लोराइड जेल घालून दातांवर बसवायचं, कायम.

मराठवाड्यातल्या एका गुरुजींचं तोंड शेकानंतर जेमतेम दीड बोट उघडायचं. एरवी आपली तीन बोटं उभी मावतात. आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, सोसेल तशी एकेक वाढवायची. महिन्यानं गुरुजी वही घेऊन आले. हजेरीपटासारखे रकाने आखलेले, तारीख आणि काड्यांची संख्या. एका रकान्याशी लिहिलं होतं, ‘आज वरणभात चमच्यानं.’ शरद पवारांनीही आपल्या कर्करोगाबद्दल जाहीरपणे बोलताना दात काढावे लागल्याचं, तोंड नीट उघडत नसल्याचं सांगितलं आहे. हे ऐकल्यावर गुरुजी म्हणाले, “म्हणजे लाजायचं कारण नाही.”

शेवटचा किस्सा सांगताना आजही जड जातं. मिश्री लावणाऱ्या एक मावशी. शेक संपून चार वर्षं झालेली, कॅन्सर पूर्ण गेलेला. तालुक्याच्या गावी दाढ दुखली, तिथल्या दंतवैद्यांनी काढली. शेकाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जखम भरली नाही. मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा तोंडात हाड उघडं पडलं होतं आणि हनुवटीखालून पू येत होता. जबड्याचा तेवढा भाग काढावा लागला. “कॅन्सर गेला ना, मग हे कशानं झालं?” त्यांनी विचारलं. मी त्यांचं जुनं डिस्चार्ज कार्ड काढून पाहिलं. शेकांची संख्या होती, मात्रा होती, तपासणीची तारीख होती. दातांबद्दल एक ओळही नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांना दोष कसा देणार? चूक आमची होती. त्याच आठवड्यात मी रबरी शिक्का करून घेतला: ‘जबड्याला शेक दिला आहे. आम्हाला विचारल्याशिवाय दात काढू नये.’ आता आमच्या प्रत्येक कार्डावर तो लाल शाईत उमटतो.

तुमच्या घरात कुणाला तोंडाचा किंवा घशाचा शेक सुरू होणार असेल, तर पहिल्या शेकाआधी दात दाखवा. शेक होऊन गेला असेल, तर पाच वर्षांनी असो की पंधरा, कुठल्याही दंतवैद्यांच्या खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: “डॉक्टर, माझ्या जबड्याला शेक दिलेला आहे.”