कामणदुर्गाची धार आणि आपली खाडी

पाचूबंदरहून पूर्वेकडे पाहिले, की लांबवर निळसर डोंगर दिसतात. तुंगार आणि कामणदुर्ग. जीपीएस येण्याआधी बोट किनाऱ्याकडे वळवताना तांडेल अशाच डोंगरांची खूण धरायचे. आपल्यातल्या कितीजणी त्या खुणेवर चढून गेल्या आहेत? आज त्या वाटेविषयी बोलू.

कामणदुर्गाची उंची दोन हजार फुटांहून थोडी जास्त. कामणजवळच्या देवकुंडी गावातून वाट निघते. आधी शेते, मग रान, मग उभा चढ आणि शेवटी डोंगराची धार. चढायला तीन तास धरावेत. वर कातळात खोदलेली जुनी टाकी आहेत. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला वसईची खाडी आणि मिठागरे दिसतात, उत्तरेला तुंगारचे रान.

आता धार म्हणजे काय? कौलारू घराला जसे आढे, तशी डोंगराला धार. आढ्यावर पडलेला पाऊस दोन पाख्यांवरून दोन अंगणांत उतरतो. डोंगराचेही तसेच. या रांगेच्या उत्तर अंगाचे पाणी तानसा नदीतून वैतरणेला मिळते आणि अर्नाळ्याच्या बाजूला समुद्रात जाते. दक्षिण अंगाचे पाणी कामणच्या खाडीतून वसईच्या खाडीत, म्हणजे आपल्या दाराशी येते. पश्चिमेच्या पायथ्याला पेल्हारचे धरण आहे. वसई-विरारच्या नळाला जे पाणी येते, त्यातले काही तिथले. धारेवर उभे राहिले, की हे सगळे एका नजरेत समजते.

डोंगरावर झाडी असली की पावसाचा मारा पाने झेलतात, मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरते आणि झरे पावसाळ्यानंतरही वाहत राहतात. झाडी तोडली, मुरुमासाठी डोंगर पोखरला, की तेच पाणी एका दमात खाली येते आणि माती घेऊन येते. तो गाळ खाडीत बसतो. खाडी उथळ झाली की ओहोटीला बोट रुतते, आणि कोळंबी-निवट्यांच्या जागाही बिघडतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, मिठागरांतली माणसे अडकली, ते आपल्याला आठवते. वरून धावत येणाऱ्या पाण्याला खाली वाट मोकळी नसली, तर ते घरात शिरते. म्हणून तुंगारेश्वर अभयारण्याचे सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान ही फक्त वनखात्याची बाब नाही. वलांडीवर बोंबील वाळवणाऱ्या बाईचीही ती बाब आहे.

भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचे स्पेनचे बेट आहे. तिथल्या त्रामुंताना डोंगरातून समुद्र पाहत चालायला जगभरातून लोक येतात. तिथल्या शेतकऱ्यांनी चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून उतारावर बांध घातले, माती आणि पाणी अडवले. २०११ मध्ये युनेस्कोने त्या डोंगराला जागतिक वारसा म्हटले. डोंगर नुसता देखणा होता म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तो राखला, म्हणून.

आता जायचे कसे ते ऐका. मासेमारी बंदीत, जून-जुलैत, आपल्याला मोकळीक असते, पण तेव्हा जाऊ नका. कातळ निसरडा असतो, धारेवर विजेचा धोका असतो, ओढे अचानक फुगतात. जवळच्या चिंचोटीच्या धबधब्यात पावसाळ्यात बुडून किती जीव गेले आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत माथा गाठा. एकटीदुकटीने नको, पाच-सहा जणी जा. रानात वाटा फुटतात, म्हणून देवकुंडीतला वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा. वनखात्याची परवानगी लागते का, तेही आधी विचारा. प्रत्येकीने तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी आणि गूळ घ्यावा. टाक्यांतल्या पाण्याच्या भरवशावर राहू नये. चप्पल नको, तळाला पकड असलेले बूट हवेत. साडी नेसायची तर गुडघ्यापर्यंत खोचून. दुपारी दोनच्या आत उतरायला लागा.

एक मात्र करा. माथ्यावर गेलात की मुलींना खाडी दाखवा आणि पावसाचा थेंब तिथून आपल्या बंदरापर्यंत कसा येतो, ते बोटाने दाखवून सांगा. येताना प्लास्टिकची एकही पिशवी वर ठेवू नका. पहिल्या पावसात ती आपल्याच जाळ्यात येईल.