जुनी बॅट ऑनलाइन घेताना संशोधक काय विचारेल?

नेटची किंवा पेटची तयारी करताना 'नमुना निवड', 'सप्रमाणता', 'विश्वसनीयता' हे शब्द तुम्ही पाठ केलेच असतील. चार पर्यायांतून बरोबर व्याख्याही ओळखता येत असेल. पण गाईडने समोर बसवून "हे तुझ्या प्रश्नात कुठे आहे ते दाखव" म्हटलं की गाडी अडते. म्हणून आज एक साधा व्यवहार घेऊ आणि हे शब्द त्यात कुठे लपलेत ते शोधू. व्यवहार म्हणजे ऑनलाइन जुनी क्रिकेट बॅट विकत घेणं.

उदाहरण फुलसावंगीचंच धरू. यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. समजा इथल्या पोरांनी वर्गणी काढून १८०० रुपये जमवले. सिझन बॉलची नवी बॅट एवढ्यात बसत नाही. मोबाईलवर जाहिरात दिसते: "इंग्लिश विलो, एकदम कडक कंडिशन, फक्त दोन महिने वापरली." चार फोटो आहेत. विकणारा यवतमाळात. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरांतून आलेले हे पैसे आहेत. बॅट तडकलेली निघाली, तर दुसऱ्यांदा वर्गणी कोणी देणार नाही. मग या जाहिरातीवर विश्वास किती ठेवायचा?

चांगला माल बाजारातून का निघून जातो?

बॅट कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तुम्हाला नाही. याला माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत 'लेमन' म्हणतात, म्हणून तो 'लेमन्स'चा निबंध म्हणून ओळखला जातो. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्या निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे. तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे तिला निवडावे लागतात, असा. आपल्या आईने आयुष्यभर केलेलं काम तिथे सिद्धांताचं उदाहरण होऊन बसलंय.

आता त्यांचा युक्तिवाद बॅटवर लावू. आकडे मी समजायला सोपे घेतले आहेत. चांगल्या बॅटचे तुम्ही २००० रुपये द्याल. मालक १६०० च्या खाली सोडणार नाही. खराब बॅटची तुमच्या लेखी किंमत ५००. मालक ३०० लाही देऊन टाकेल. बाजारात दोन्ही निम्म्या-निम्म्या आहेत आणि फोटोवरून फरक कळत नाही. मग तुम्ही सरासरी धराल: १२५० रुपये. पण १२५० ला चांगल्या बॅटचा मालक विकणारच नाही, तो जाहिरात काढून घेतो. उरल्या फक्त खराब. हे लक्षात आलं की तुम्हीही ५०० च्या वर जाणार नाही. घेणारा आहे, देणारा आहे, दोघांचाही फायदा आहे, तरी चांगल्या बॅटचा सौदा होत नाही. कोणी खोटं बोललं नाही, तरी हे घडतं.

इथे थांबून कागदावर एक गणित करा. चांगल्या बॅटींचं प्रमाण किती असलं तर सरासरी १६०० च्या वर जाईल? उत्तर सुमारे ७३ टक्के येतं. सिद्धांत म्हणजे नुसतं "बाजार वाईट असतो" हे विधान नाही. कोणत्या अटीवर काय होईल हे तो सांगतो. त्या अटीमुळेच तो तपासता येतो. तो तपासलाही गेला. एरिक बाँड यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकांची माहिती तपासली. वय आणि धाव लक्षात घेतल्यावर, जुने म्हणून विकत घेतलेले ट्रक पहिल्या मालकाकडे राहिलेल्या ट्रकांपेक्षा जास्त दुरुस्ती मागतात, असं त्यांना आढळलं नाही. म्हणजे नोबेलवाल्याचं म्हणणं असलं तरी प्रत्येक बाजारात ते लागू होतंच असं नाही. संशोधन पुढे जातं ते असं.

"कडक कंडिशन" हा पुरावा का नाही?

स्पेन्स यांनी १९७३ मध्ये 'संकेत' ही कल्पना मांडली. चांगल्याला स्वस्त आणि वाईटाला महाग पडेल, तोच संकेत उपयोगाचा. "कडक कंडिशन" लिहायला दोघांनाही खर्च शून्य, म्हणून त्यातून माहितीही शून्य. चकाचक स्टिकरचंही तसंच. नवा स्टिकर खालची भेगही झाकू शकतो.

मग काय मागायचं? विकणाऱ्याला आधीपासून तयार ठेवता येणार नाही असं काहीतरी. व्हिडिओ कॉलवर बॅटचा तळ दाखवायला सांगा. ओल लागून फुगलेला किंवा चिरलेला आहे का ते दिसेल. हँडल पात्यात जिथे व्ही आकारात बसवलेलं असतं, तो सांधा जवळून दाखवायला सांगा. बॅट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजन दाखवायला सांगा. मोठ्यांच्या सिझन बॉलच्या बॅटी साधारण ११०० ते १२५० ग्रॅमच्या असतात. "आम्ही येऊन बघू आणि मगच पैसे देऊ" याला तो तयार आहे का, हे विचारा. चांगली बॅट असणाऱ्याला यात फारसा त्रास नाही. तडकलेली बॅट असणारा टाळाटाळ करेल. हा झाला संकेत.

"चांगली बॅट" मोजायची कशी?

समजा पोरं यवतमाळला गेली, बॅट हातात आली. आता 'चांगली' म्हणजे काय? संशोधनात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात: शब्दाचं रूपांतर मोजता येईल अशा कृतीत करायचं. बरेच जण पात्यावरच्या उभ्या रेषा मोजतात. पण रेषा सांगतात झाडाच्या वाढीबद्दल. चेंडू किती उसळेल हे त्या थेट सांगत नाहीत. जे मोजायचंय त्याऐवजी भलतंच मोजलं, तर सप्रमाणता गेली.

त्यापेक्षा साधा प्रयोग करा. बॅट सिमेंटच्या फरशीवर आडवी, स्थिर ठेवा. १०० सेंमी उंचीवरून सिझन बॉल पात्याच्या मधल्या भागावर सोडा आणि तो किती उसळतो ते मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा. उसळीची उंची भागिले सोडलेली उंची, त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रत्यास्थापन गुणांक. २५ सेंमी उसळला तर ०.५. एकदा करून भागणार नाही. दहा वेळा करा, सरासरी काढा आणि आकडे किती विखुरलेत तेही लिहा, ही विश्वसनीयता. तोच चेंडू, तीच फरशी, आणि शेजारी तुलनेला एक माहितीतली बॅट, हे नियंत्रण. आकडा लिहिणाऱ्याला कोणती बॅट चालू आहे हे कळू दिलं नाही, तर आंधळी चाचणीही झाली. अर्थात, हातात धरून मारताना बॅटचा तोल कसा लागतो हे या प्रयोगात येत नाही. प्रत्येक मोजमापाची मर्यादा अशीच स्पष्ट लिहायची असते.

जे दिसतंय तोच बाजार नाही

सगळ्यात फसवा भाग हा. कोणी म्हणेल, "मी अॅपवरच्या जाहिराती बघितल्या, बहुतेक बॅटी भंगार आहेत." समजा रोज १० नव्या जाहिराती येतात. ५ चांगल्या बॅटी एका दिवसात विकल्या जातात, ५ खराब बॅटी ३० दिवस पडून राहतात. मग कोणत्याही दिवशी अॅप उघडलं तर चांगल्या ५ आणि खराब १५० दिसतील. म्हणजे सुमारे ९७ टक्के खराब! प्रत्यक्षात येणाऱ्या बॅटी निम्म्या चांगल्या आहेत. जी गोष्ट जास्त काळ टिकून राहते ती नमुन्यात जास्त सापडते. म्हणून एक दिवस शंभर जाहिराती बघण्यापेक्षा रोज सकाळी फक्त नव्या जाहिराती बघणं हा चांगला नमुना, आणि चांगली बॅट मिळवायचाही चांगला मार्ग. शिवाय जाहिरातीतला आकडा ही मागितलेली किंमत असते. सौदा कितीला झाला ते तिथे दिसत नाही.

पैशांबद्दल एक गोष्ट सरळ सांगतो. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम, व्यवसाय नसताना आपली जुनी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. त्यामुळे आगाऊ रक्कम पाठवू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर व्यवहार तिथेच सोडा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि तुमचा स्वतःचा सौदा?

हे सगळं १८०० रुपयांसाठी. पण पीएच.डी.ला प्रवेश घेताना तुम्ही आयुष्याची चार-पाच वर्षं देता, आणि तिथेही माहिती समोरच्याकडेच जास्त असते. "आमच्याकडे उत्तम वातावरण आहे" हे वाक्य "कडक कंडिशन"सारखंच फुकटचं. मग खर्चिक संकेत शोधा. गाईडच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी गाईड समोर नसताना बोला. आधीच्यांना किती वर्षं लागली, शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं असतं, फेलोशिप उशिरा आली तर काय होतं, हे विचारा. शोधगंगावर त्या गाईडच्या हाताखालचे प्रबंध उघडून वाचा.

फक्त एक लक्षात ठेवा. शोधगंगावर पूर्ण झालेले प्रबंध दिसतात. मधेच सोडून गेलेले तिथे नसतात. त्यांना शोधून एक फोन करा. तुमच्या नमुन्यात नेमका तोच माणूस राहिलेला असतो.