नियमपुस्तिकेतील संपादनदोष आणि खेळाडूंची टीका : भूमिकाभिनय खेळांच्या संदर्भात

प्रास्ताविक :

ग्रंथातील मुद्रणदोष हा आपल्याकडे सामान्यतः शुद्धलेखनाचा विषय मानला जातो. कादंबरीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आढळली तर सुजाण वाचक किंचित खट्टू होतो आणि पुढे वाचू लागतो. नियमपुस्तिकेच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. तेथील वाक्य हे वर्णन नसून आज्ञा असते आणि आज्ञेतील एक शब्द बदलला की मैदानावरील कृती बदलते. प्रस्तुत लेखात अशा दोषांचा व त्यांवर खेळाडूंनी केलेल्या टीकेचा विचार केला आहे. हा विषय सुचण्यास एक स्थानिक प्रसंग कारणीभूत झाला. तो प्रस्तुत लेखकाच्याच चुकीचा असल्याने प्रारंभी नमूद करणे उचित ठरेल.

रोहे येथे झालेल्या एका आंतरमहाविद्यालयीन कबड्डी सामन्यासाठी पेणहून मुलींचा संघ नेताना लेखकाने नियमांचे चार पानी पत्रक संगणकावर तयार करून दिले होते. बोनस गुण मिळण्यासाठी बचाव करणाऱ्या संघाचे किमान सहा खेळाडू मैदानात असावे लागतात. तर अव्वल पकडीचा जादा गुण तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना मिळतो. एका नियमाचे वाक्य उचलून दुसऱ्यासाठी वापरताना फक्त आकडा बदलला गेला, आणि बोनसच्या नियमात ‘सहा किंवा त्याहून कमी’ असे छापले गेले. संघातील बहुतेक मुली गावच्या मैदानावर वाढलेल्या. त्यांनी पत्रक उघडूनही पाहिले नाही व त्यांचे काहीच बिघडले नाही. एक मुलगी मात्र त्याच वर्षी प्रथम खेळू लागली होती. तिने पत्रक पाठ केले होते. समोर पाच खेळाडू असताना ती बोनस रेषेपर्यंत खोल गेली, पकडली गेली आणि गुणाची मागणी करीत पत्रक घेऊन पंचांकडे आली. पंचांनी ते वाचले, घडी घालून तिला परत दिले व सामना पुढे चालू केला.

पंचांचा निर्णय योग्यच होता. परंतु नियमपुस्तिकेवर विश्वास ठेवणाऱ्या एकमेव खेळाडूलाच शिक्षा झाली, ही गोष्ट लेखकाच्या मनातून गेली नाही.

परंपरा असलेला खेळ व नसलेला खेळ :

कबड्डीचे छापील नियम हे खेळाच्या मागून आले. संजीवनी, गामिनी व अमर असे हुतुतूचे प्रकार गावोगावी खेळले जात असताना, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यातील क्रीडाप्रेमींनी व शारीरिक शिक्षणाच्या संस्थांनी त्यांना लिखित रूप दिले. त्यामुळे पुस्तकात चूक राहिली तरी ती दुरुस्त करणारी स्मृती मैदानावर हजर असते. पंचांच्या खिशात पुस्तिका नसली तरी खेळ अडत नाही.

याच्या नेमकी उलट स्थिती भूमिकाभिनय खेळांची आहे. हा प्रकार आपल्या प्राध्यापकवर्गास फारसा परिचित नसावा, म्हणून थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र धारण करतो. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. पात्राची कृती सफल झाली की नाही हे फाशांवरून व नियमांवरून ठरते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या प्रकाराचा आरंभ मानतात. येथे मैदान नाही, पंच नाही, आजोबांनी खेळलेला खेळही नाही. पुस्तक हाच खेळ होय.

आणि ते पहिले पुस्तकच अपुरे होते. लढाईच्या नियमांसाठी ते वाचकाला ‘चेनमेल’ या १९७१ च्या दुसऱ्याच पुस्तकाकडे पाठवीत असे. ते ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनी आपापले अर्थ लावले. ॲरिझोना राज्यातील केन सेंट आंद्रे यांना हे नियम इतके क्लिष्ट वाटले की त्यांनी १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतःचा सुटसुटीत खेळच लिहून काढला. टीकेचा हा सर्वांत उत्पादक प्रकार म्हणावा लागेल. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील ली गोल्ड यांनी ‘अलार्म्स अँड एक्सकर्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. खेळाडू आपापली पाने लिहून पाठवीत, त्या ती एकत्र बांधून सर्वांना पाठवीत. नियमांतील संदिग्धतेवर वाद, दुरुस्त्या व पर्यायी नियम यांनी भरलेला हा अंकक्रम २०२५ पर्यंत चालला.

दोषांचे स्वरूप :

या टीकेतून पुढे आलेले काही दोष संपादनाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. १९९४ साली टी. एस. आर. या प्रकाशनसंस्थेने जादूच्या वस्तूंचा कोश, ‘एन्सायक्लोपीडिया मॅजिका’, काढला. जुन्या मजकुरातील ‘मेज’ (जादूगार) या शब्दाऐवजी सर्वत्र ‘विझर्ड’ घालावे असे ठरले आणि संगणकाला तशी आज्ञा दिली गेली. संगणकाने ती निष्ठेने पाळली. ‘डॅमेज’ या शब्दाच्या पोटातील ‘मेज’ही त्याने बदलला व पुस्तकात ‘डविझर्ड’ हा अपूर्व शब्द अवतरला. ‘इमेज’ची ‘इविझर्ड’ झाली. खेळाडूंमध्ये तो शब्द आजही थट्टेने वापरला जातो. (पुढे १९९७ मध्ये ही संस्था ज्या कंपनीने विकत घेतली तिच्या नावातही ‘विझर्ड्स’ आहे, हा योगायोग.) मराठीत हा धोका अधिकच आहे. कबड्डीच्या पुस्तिकेत ‘पंच’ ऐवजी सर्वत्र ‘निर्णायक’ करावयाचे ठरविले तर ‘पंचवीस’चे ‘निर्णायकवीस’ होण्यास एक क्षण पुरतो.

दुसरा दोष अपूर्ण संदर्भाचा. पृष्ठे जुळविण्यापूर्वी पानांचे क्रमांक ठाऊक नसल्याने संपादक त्या जागी दोन फुल्या टाकतात व नंतर आकडे भरतात. ‘व्हाइट वुल्फ’ या संस्थेच्या पुस्तकांत त्या फुल्या अनेकदा तशाच छापल्या गेल्या. ‘पाहा पृष्ठ फुली-फुली’ हा खेळाडूंचा विनोद इतका रूढ झाला की ‘पेल्ग्रेन प्रेस’ या दुसऱ्या प्रकाशकाने आपल्या नियतकालिकाला तेच नाव दिले.

तिसरा प्रकार सूक्ष्म आहे व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००३ च्या आवृत्तीत बुडण्याचा नियम असा होता की, पात्र बुडू लागले म्हणजे ते बेशुद्ध होते व त्याचे प्राणांक शून्यावर येतात. लिहिणाऱ्याच्या मनात धडधाकट माणूस होता. परंतु जखमी होऊन मरणपंथास लागलेल्या पात्राचे प्राणांक शून्याच्याही खाली, उणे आठ वगैरे असतात. अक्षरशः वाचल्यास अशा पात्राचे डोके पाण्यात धरले की त्याची प्रकृती सुधारते! कुंडलिकेच्या वा भोगावतीच्या काठी राहणाऱ्या कोणासही हा उपचार पटणार नाही. पण वाक्यात ‘त्याहून अधिक असल्यास’ एवढी अट नसल्याने नियम तसाच उरला. टीकाकार खेळाडूंनी यावरून ‘लिहिलेला नियम’ व ‘अभिप्रेत नियम’ असा भेद रूढ केला. तात्पर्यनिर्णयासाठी उपक्रम-उपसंहार पाहणाऱ्या मीमांसकांना हा वाद अगदीच परका वाटला नसता. प्रकाशकांनीही शुद्धिपत्रकांत असा दंडक घातला की मजकूर व तक्ता यांत विरोध आल्यास मजकूर प्रमाण मानावा. चुका होणार हे गृहीत धरून त्यांचा निवाडा कसा करावयाचा याचा नियम देणे, ही या टीकेची ठोस फलश्रुती होय.

टीकेचे मूल्य :

या टीकेत छिद्रान्वेषीपणा पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. काहींना खेळण्यापेक्षा चुका मोजण्यातच रस असतो. तथापि असा वाचक पुस्तक पैसे देऊन घेतो, प्रत्यक्ष वापरतो व मुद्रितशोधकाला मजकूर वाचून न दिसणारा दोष त्याला कृती करताना दिसतो. जाणकाराचा डोळा चुकीचे वाक्यही बरोबर वाचतो, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. बोनसचे ते वाक्य लेखकाने दोनदा तपासले होते.

आपल्या महाविद्यालयांतील माहितीपुस्तिका, परीक्षांच्या सूचना, प्रयोगशाळेतील कृतिपत्रिका यांचा वाचक बहुधा पहिल्या पिढीचा विद्यार्थी असतो. घरात विचारायला कोणी नसते. त्याच्यासाठी छापील वाक्य हाच पंच असतो. चूक आढळल्यास ती कोठे कळवावी हे सांगणारी ओळ अशा पुस्तिकांत क्वचितच दिसते.

त्या मुलीने परतीच्या प्रवासातच पत्रकावर पेन्सिलीने आणखी तीन चुका खुणावल्या. त्यांपैकी दोन खरोखर चुका होत्या. तिसऱ्या ठिकाणी नियम बरोबर होता, पण वाक्य असे होते की तिला तो उलटा वाटला. तेही वाक्य बदलले. आता पत्रकाचा कच्चा मसुदा छपाईपूर्वी त्या वर्षी नव्याने आलेल्या आणि कधीही न खेळलेल्या विद्यार्थ्याकडे वाचण्यास दिला जातो. मागील मसुद्यावर समासात एकच प्रश्न लिहून आला होता : ‘बरोबर सहा असतील तर?’