मणिभवनचे यजमान

मुंबईत गावदेवीला उतरून मणिभवन कुठे म्हणून विचारलं, तर ‘ते गांधीजींचं घर ना?’ असा उलट प्रश्न येतो. लॅबर्नम रोडवरचं, लाकडी सज्जांचं हे दुमजली घर आज सगळे त्याच नावाने ओळखतात. पण ते गांधीजींचं कधीच नव्हतं. ते होतं रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं, हिरे-मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुधा त्यांच्याकडेच उतरत.

ही ओळख मणिभवनच्याही आधीची. १८९१ साली बॅरिस्टर होऊन मुंबईला उतरलेला तरुण मोहनदास थेट गेला तो डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी. रेवाशंकर हे डॉक्टरांचे भाऊ. झवेरी पेढीतले भागीदार श्रीमद् राजचंद्र यांची गाठही तिथेच पडली. लाखोंचे सौदे करायचे आणि ते आटोपताच अध्यात्माची वही उघडायची, हा राजचंद्रांचा खाक्या गांधीजींनी जवळून पाहिला आणि त्याचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. पुढे १९०२ मध्ये गांधीजींनी वकिलीसाठी गिरगावात बिऱ्हाड केलं. तिथे मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. घर ओलसर, उजेड जेमतेम. तेव्हा सांताक्रूझला हवेशीर बंगला शोधत गांधीजींबरोबर फिरले ते रेवाशंकरभाईच. सांताक्रूझ-चर्चगेट पहिल्या वर्गाचा पास काढून आपण जरा ऐटीतच प्रवास करत होतो, अशी कबुली गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे.

संग्रहालय पाहायला फार वेळ लागत नाही. तळमजल्यावर ग्रंथालय, जिन्याच्या भिंतींवर छायाचित्रं आणि दुसऱ्या मजल्यावर ती प्रसिद्ध खोली. काचेपलीकडे पांढरी गादी, तक्क्या, बुटकं मेज, चरखे. शेजारच्या दालनात गांधीचरित्रातले अठ्ठावीस प्रसंग सुशीला गोखले-पटेल यांनी छोट्या बाहुल्यांतून उभे केले आहेत. शाळेची पोरं काचेला नाक लावून तिथेच सर्वांत जास्त रेंगाळतात. हिटलर आणि रूझवेल्ट यांना लिहिलेली पत्रंही इथे वाचायला मिळतात.

खोलीसमोर मात्र थोडं थांबावं. आज ती इतकी नीटनेटकी आहे की एकेकाळी इथे किती गडबड असे याची कल्पनाच येत नाही. १९१९ च्या सुरुवातीला गांधीजी मोठ्या दुखण्यातून उठत होते. दूध न घेण्याचं त्यांचं व्रत होतं. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं दूध घ्यायला हरकत काय, हा तोडगा कस्तुरबांनी काढला. सूतकताईचे धडे सुरू झाले तेही याच आजारपणात. सूत कातणाऱ्या दोघांचा पत्ता लागला आणि अवंतिकाबाई गोखले, रमीबाई कामदार अशा बायका त्यांच्याकडून शिकायला बसल्या. अवंतिकाबाईंनी त्याआधीच, १९१८ मध्ये, गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं होतं. त्याला प्रस्तावना होती लोकमान्यांची.

कातायला पेळू हवेत आणि पेळूंसाठी कापूस पिंजून हवा. मणिभवनवरून रोज एक पिंजारी जात असे, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला हाक मारली. त्याने भाव चढा सांगितला, गांधीजींनी तो मुकाट दिला. तयार झालेलं सूत पवित्रा एकादशीच्या माळांसाठी वैष्णव मित्रांना विकलं. देशभर पोचलेल्या खादीचे सुरुवातीचे हिशेब असे घरगुती, आणि तोट्याचे.

दुखणेकऱ्याची उस्तवार करणं एक वेळ सोपं. याच घरी रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची आखणी झाली, एप्रिल १९१९ मध्ये नोंदणी न करता ‘सत्याग्रही’ हे पत्रक निघालं. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनानंतर मुंबईत दंगल पेटली, तेव्हा गांधीजींनी इथेच उपोषण मांडलं. गोलमेज परिषदेहून परतल्यावर आठवड्याच्या आतच, ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे, पोलीस जिना चढून गच्चीवर आले आणि तिथल्या तंबूतून त्यांना अटक करून येरवड्याला घेऊन गेले.

यातला प्रत्येक प्रसंग घरमालकाच्या बाजूने पाहिला की वेगळा दिसतो. व्यापाऱ्याचं सगळं पतीवर चालतं, आणि सरकारची वक्रदृष्टी झाली तर पत जायला वेळ लागत नाही. घरात कार्यकर्त्यांची वर्दळ आणि पोलिसांची नजर, हे रेवाशंकरभाईंनी एखाददुसऱ्या दिवसासाठी नाही, वर्षानुवर्षं पत्करलं. भाषणं करणाऱ्यांची नावं इतिहासात राहिली. त्यांच्या पानावर वेळेवर भात पडावा म्हणून ज्यांचं स्वयंपाकघर राबलं, त्यांची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

१९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने ही वास्तू घेतली आणि तिचं संग्रहालय झालं. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे मुक्कामाला होते. २०१० मध्ये बराक ओबामा येऊन गेले. म्हणजे पाहुण्यांचा राबता अजून आहे.

व्यापाऱ्यांच्या घरांची संग्रहालयं होतात तेव्हा सहसा झुंबरं, आरसे आणि तिजोऱ्या पाहायला मिळतात. मालकाचं वैभव हाच तिथला विषय असतो. मणिभवनमध्ये तो थाट नाही. पाहुण्याचं सामान जपलेलं आहे, यजमानाचं नाव वाचून लोक पुढे सरकतात. एखादं दालन खरं तर या यजमानपणाचं हवं: पंगत किती जणांची उठे, खर्च कुठल्या खात्यावर पडे, अटकेनंतर घरच्यांनी काय सोसलं. स्वातंत्र्यलढा तुरुंगांत आणि मैदानांत झाला, हे आपण शाळेत शिकतो. तो अशा घरांच्या जिवावरही चालला, हे मुलांना सांगायला मणिभवनसारखी दुसरी जागा नाही.